घरची परीक्षा

शाळेची वार्षिक परीक्षा मुलांची असते. या घरातली परीक्षा मात्र सगळ्यांची असे. शाळेचे पेपर सुरू होण्याच्या आठवडाभर आधीच्या रविवारी आत्या स्वतः प्रश्न काढत, कार्बन लावून प्रती करत, आणि दुपारची जेवणं उरकली की टेबल पुसून सगळ्यांना त्यावरच लिहायला बसवत. सगळ्यांना म्हणजे त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांना, मग तो चौथीत असो नाही तर कानाजवळ पांढरा झालेला असो. मोठी माणसं शेजारी बसून लिहायला लागली की लहानांची भीती जाते, असं त्यांचं म्हणणं होतं.

सूनबाई तेवढी यातून सुटली होती. ती या घरात आली ती शिकूनसवरून, रक्त तपासायच्या लॅबमधली नोकरी घेऊनच. शिवाय चहा कोणीतरी टाकायला हवाच होता. त्यामुळे दर वर्षी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून गंमत बघायची. बसडेपोत इंजिनं उघडणारा तिचा नवरा काळ्या नखांच्या बोटांत पेन धरून पाठ वाकवून बसलेला असे. त्याची थोरली बहीण अक्का बँकेत कॅशिअर, पण इथं शेजारच्याच्या पेपरात खुशाल डोकावायची. आणि सासरे, ज्यांना आत्या या वयातही 'बाळ' म्हणत, घड्याळ समोर ठेवून पहारा करायचे. सासऱ्यांनी जन्मभर चष्म्यांचं दुकान चालवलं. त्यांना पेपर लिहिण्यातून माफी होती, कारण त्यांना शिकवून काही उपयोग नाही हे त्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आत्यांनी, फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं.

खरं म्हणजे आत्या शाळेत कधी शिक्षिका नव्हत्याच. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. आई गेली तेव्हा धाकट्या भावाला वाढवण्यात त्यांचं शिक्षिका होणं राहिलं, आणि पुढे भावाची बायको गेली तेव्हा तिची दोन मुलं वाढवण्यात लग्न राहिलं. राहून गेलेल्या गोष्टींबद्दल त्या कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. पण कामावरून आल्या की हातपाय धुऊन या टेबलाशी बसत आणि आधी भावाला, मग भाचरांना, आणि आता भाचरांच्या मुलांना शिकवत. मुलांच्या दप्तराला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा घरचा नियमच होता. प्रगतिपुस्तकावर सही त्यांची, पालकसभेला जायच्या त्याच. सूनबाईनं पहिल्यांदा लेकीचं दप्तर उघडलं तेव्हा नवऱ्यानं हसून ते तिच्या हातातून काढून घेतलं होतं. "आत्याच्या कामात आपण नाक खुपसायचं नाही," तो म्हणाला होता. एक काळजी कमी झाली, असं म्हणून तिनंही ते सोडून दिलं. ते सोडायला नको होतं.

"आपापल्या पेपरात बघायचं," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी प्रती वाटल्या. "बाळ, वेळ लाव."

खालच्या टायरच्या दुकानात रविवारीही हवा भरायचं यंत्र फसफसत होतं. सूनबाईची मुलगी भिंगरी आणि तिच्याच वर्गातला ढब्बू, म्हणजे अक्काचा मुलगा, दोघांनी पेपर घेतले आणि वर न बघता लिहायला लागले. अक्कानं पेपरावरून नजर फिरवली आणि ती फस्सकन हसली.

"आत्या, यंदा काय आमचे दात मोजणार आहेस की काय?"

"पेपर सुरू झालाय, अक्के."

"अगं पण सगळेच प्रश्न..."

"अवघड वाटत असेल तर सोडून दे. पुढचा लिही."

अक्का पुढच्या प्रश्नाकडे गेली. मग त्याच्या पुढच्या. तिचं हसू हळूहळू ओसरलं. सूनबाईला दारातून दिसलं, आधी अक्काची मान वर आली, मग नवऱ्याची. बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले. सासरे घड्याळाकडे बघत होते, जरा जास्तच लक्ष देऊन.

कप उचलायचं निमित्त करून सूनबाई नवऱ्याच्या पाठीमागं गेली आणि तिनं वाचलं. अक्षर नेहमीसारखंच, बघत राहावं असं. प्रश्न पहिला, दातांचे प्रकार किती व कोणते ते लिहा. प्रश्न दुसरा, दातांचे प्रकार सांगून प्रत्येकाचे काम लिहा. तिसरा, माणसाच्या तोंडात कोणकोणत्या प्रकारचे दात असतात? चौथा पुन्हा पहिलाच, शब्दाला शब्द. पानाच्या तळापर्यंत दातच होते. गणित नाही, नकाशा नाही, कवितेची एक ओळ नाही.

भिंगरी लिहीत होती. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा. चौथ्या प्रश्नाशी आली तेव्हा तिनं 'वरीलप्रमाणे' म्हणून काम भागवलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सगळं सावकाश, शुद्धलेखन सांभाळून लिहून काढलं. शेजारी ढब्बूचंही तेच चाललं होतं. दोघांपैकी एकालाही त्यात काही नवल वाटत नव्हतं. सूनबाई घाबरली ती पेपर वाचून नव्हे, हे बघून.

गेले कित्येक महिने ही पोरगी जेवताना दातांवर बोलायची. आजोबांना विचारायची, तुमच्या कवळीत उपदाढा आहेत का? सगळे हसायचे. सूनबाईही हसायची. मुलगी हुशार निघाली म्हणून सुखावायचीसुद्धा.

वेळ संपली. आत्यांनी पेपर गोळा केले, कडा नीट जुळवल्या आणि "तपासून आणते," म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्या. मुलं गॅलरीत पळाली. अक्कानं सगळ्यांना स्वयंपाकघरात घेतलं, दार लोटलं आणि बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडला.

"कधीपासून चाललंय हे?" तिनं सूनबाईला विचारलं.

"मला काय माहीत?"

"तुझ्या घरात चाललंय आणि तुला माहीत नाही?"

"अक्का, ढब्बू रोज शाळेतून इथंच येतो. संध्याकाळी तुम्ही त्याला घेऊन जाता. तुम्ही कधी उघडून बघितलंत दप्तर?"

नवऱ्यानं नळ बंद केला. "दमली असेल," तो म्हणाला. "कार्बन सरकला असेल. होतं एखाद्या दिवशी माणसाचं."

"कार्बन सरकून प्रश्न तेच येतात?"

सूनबाई बाहेर गेली, भिंगरीचं दप्तर घेऊन आली आणि तिनं ते ओट्यावर उपडं केलं. घरचा नियम तिनं मोडला. विज्ञानाचं पुस्तक दातांच्या धड्यापर्यंत मऊ झालेलं, कोपरे दुमडलेले, बोटांनी मळलेले. त्यापुढची पानं छापखान्यातून आली तशी कोरी करकरीत. गणिताच्या पुस्तकात अपूर्णांकांचा धडा उघडला तर पाठीची शिवण कडकन वाजली. दप्तराच्या तळाशी चाचण्यांचे पेपर होते, लाल रेघांनी भरलेले, आणि प्रत्येकाखाली आत्यांची ठसठशीत सही. एकावर वर्गाच्या बाईंनी लिहिलं होतं, पालकांनी येऊन भेटावे, वार्षिकला हीच स्थिती राहिल्यास मुलीला याच वर्गात बसवावे लागेल. त्याखालीही सही होती.

"सही केली आणि विसरली," अक्का म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "ढब्बूचंही हेच असणार."

"अर्धं वर्ष," सूनबाई म्हणाली. "अर्धं वर्ष यांना कुणी काही शिकवलेलंच नाही. आणि परीक्षा पुढच्या सोमवारी."

"ढब्बू उद्यापासून इथं येणार नाही. मी रजा टाकते आणि घरी बसवते त्याला."

"आणि आत्याला काय सांगशील?" नवऱ्यानं विचारलं.

"सांगेन काहीतरी. ताप आलाय म्हणेन."

"आठवडाभर ताप?"

"मग तू सांग ना! तुझी लाडकी आत्या."

"आपल्याला आई नव्हती तेव्हा..."

"ते मला सांगू नकोस. मीपण तिथंच होते."

सासरे इतका वेळ फ्रिजला टेकून उभे होते. "तिला कोणी काही बोलायचं नाही," ते म्हणाले.

अक्का त्यांच्याकडे वळली. "बाबा, जन्मभर लोकांचे नंबर काढलेत तुम्ही. घरातलं दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं होतं."

अक्कानं ओट्यावरचा चाचणीचा पेपर उचलून त्यांच्यासमोर धरला.

"मुलांना आणायला ती जाते ना," सासरे ओट्यावरच्या दप्तराकडे बघत म्हणाले, "तर एकदा ती मला वाटेत चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली सापडली. शाळा कुठल्या गल्लीत ते आठवेना. मला म्हणाली, बाळ, कुणाला सांगू नकोस. तेव्हापासून मी जातो तिच्याबरोबर. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणतो."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत!"

"सांगून काय केलं असतंत? आत्ता करताय तेच. मुलं काढून घेतली असतीत. मुलं काढून घेतल्यावर तिच्याकडे राहतं काय?"

"बाबा, माझ्या मुलीचं वर्ष जाईल," सूनबाई म्हणाली. सासऱ्यांसमोर तिचा आवाज असा कधी चढला नव्हता.

"जाईल. एक वर्ष जाईल. तिनं या घराला किती वर्षं दिली?"

नवरा दोन पावलं सरकून वडिलांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आणि अक्का, जिनं आत्ताच सूनबाईला फाडून खाल्लं होतं, ती येऊन सूनबाईच्या बाजूला थांबली. वडिलांचं म्हणणं तिला पटत नव्हतं असं नाही, पण ढब्बू तिचा मुलगा होता. ओट्याच्या दोन टोकांना दोन दोन माणसं आणि मध्ये उपडं पडलेलं दप्तर. इतकी वर्षं एकत्र जेवलेली माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली.

दार ढकलून भिंगरी आत आली. दप्तर बघून ती जागीच थबकली.

"माझं दप्तर का उघडलं?"

सूनबाई खाली बसली आणि तिचे खांदे धरले. "भिंगरे, आत्याआजी रोज तोच धडा शिकवते?"

पोरगी खांदे सोडवून घ्यायला लागली.

"मी रागावणार नाही. खरं सांग."

"रोज नाही. कधी कधी ती नुसती बसते."

"मग तुम्ही सांगायचं ना तिला, की हा झालाय म्हणून!"

"सांगितलं होतं. आधी आम्ही हसायचो. मग एकदा तिनं विचारलं, हा धडा झालाय का आपला? ढब्बू म्हणाला, हो, खूपदा झालाय. तर ती रडायला लागली." भिंगरीनं एक पाय दुसऱ्या पायावर घासला. "म्हणून आम्ही ठरवलं, तिनं विचारलं की नाही झाला म्हणायचं. तसं म्हटलं की ती खूश होते आणि मग छान शिकवते."

"आणि परीक्षेत काय लिहिणार होतीस?"

"दातांचा प्रश्न आला तर येईल मला."

अक्कानं तोंडावर पदर धरला. नवरा खिडकीकडे वळला आणि उगीचच कडी काढघाल करत बसला. सासऱ्यांनी हात पुढे करून नातीच्या डोक्यावर ठेवला, आणि सूनबाईला त्या क्षणी त्या हाताचाही राग आला. मोठ्यांनी उचलायचं ओझं या दोन पोरांनी उचललं होतं, आणि म्हातारा त्यांना शाबासकी देत होता.

शेवटी ठरलं ते असं, की आत्यांना म्हणायचं पेपर छान होता, गंमत आली. मुलांचं पुढं बघू. हे नवऱ्यानं सुचवलं, सासऱ्यांनी मान डोलावली आणि अक्कानं खाली बघत होकार दिला. म्हणजे तिनंही बाजू सोडली. जाऊन सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न होता.

"तूच जा," अक्का म्हणाली. "आमच्यापैकी कोणी गेलं तर आमचं तोंड बघूनच ओळखेल ती. तू बाहेरून आलेली. तुझं तिला एवढं लागणार नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या बाहेरून येण्याचा घराला उपयोग सापडला होता. सूनबाईनं चहाचा कप उचलला.

आत्या पलंगावर पाय खाली सोडून बसल्या होत्या. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर भिंगरीचा पेपर. पहिल्या उत्तराला पूर्ण गुण दिले होते, दुसऱ्याला पूर्ण, तिसऱ्याला पूर्ण. चौथ्यापाशी लाल पेन एकाच जागी टेकून राहिलं होतं आणि कागदावर शाई पसरली होती. त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा रस्ता चुकलेल्या माणसासारखा झाला होता.

"सूनबाई, हा पेपर कुणी काढला?"

छान होता, गंमत आली. एवढंच म्हणायचं होतं. शब्द तिच्या जिभेवर आलेही होते.

"मी काढला, आत्याआजी," मागून आवाज आला. भिंगरी आईच्या पाठोपाठ आली होती, विज्ञानाचं पुस्तक छातीशी धरून.

"तू?"

"गंमत म्हणून. तुझा पेपर मी लपवून ठेवला आणि हा दिला."

आत्यांनी पेपर डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग त्यांनी मोठा श्वास सोडला. "असा पेपर काढतात होय गं? एकच प्रश्न पुन्हा पुन्हा? बघणाऱ्यानं काय म्हणावं, या मुलांनी वर्षभर केलं तरी काय? आणि मोठ्यांचीसुद्धा थट्टा? हे शिकवलं मी तुला?"

चांगली पाच-दहा मिनिटं तिनं त्यांची बोलणी खाल्ली असतील. भिंगरी मान खाली घालून ऐकून घेत होती. तिचे कान लाल झाले होते. आणि आत्यांचा चेहरा मात्र ताळ्यावर येत होता, आवाजात जुनी धार परत येत होती. सूनबाई कप धरून उभी होती. किती सोपं होतं सगळं. गप्प राहायचं. स्वयंपाकघरातल्या तिघांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. फक्त ही पोर उद्याही बसेल, परवाही बसेल, आणि पुढच्या सोमवारी समोर आलेल्या पेपरात काय आहे ते तिला कळणारही नाही.

"बरं, जाऊ दे," आत्या म्हणाल्या. "पुस्तक आणलंयस ना? ये, बस. दातांचा धडा राहिलाच आहे बघ आपला. राहिलाय ना?"

"हो," भिंगरी म्हणाली. "राहिलाय."

"नाही आत्या," सूनबाई म्हणाली. "तो झालाय."

"आई!"

"कधी झाला?" आत्यांनी विचारलं.

"सहामाहीनंतर लगेच. आणि त्यानंतर तोच होतोय." तिनं कप खाली ठेवला. "पेपर भिंगरीनं नाही काढलेला. तुम्ही काढलाय. अक्षर बघा."

आत्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. स्वतःच्या अक्षरावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

"बाळला माहीत आहे?"

"हो."

"सगळ्यांना?"

"हो."

"मग मला का नाही कुणी सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं," आत्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

भिंगरी आईवर धावून आली. "कशाला सांगितलंस? आम्ही नाही ना सांगितलं! बघ आता, बघ रडतेय ती!" तिच्या मुठी सूनबाईच्या कमरेवर बसत होत्या. सूनबाईनं त्या अडवल्या नाहीत.

"भिंगरे," आत्या म्हणाल्या. "आईवर हात उगारतात का?" पोरगी थांबली. आत्यांनी नाक ओढलं आणि सूनबाईकडे बघितलं. "पेपर कधीपासून?"

"पुढच्या सोमवारपासून."

"गणिताचं काय राहिलंय?"

"अपूर्णांकांपासून सगळं."

"मग आधी अपूर्णांक घे. सकाळी घे, दुपारनंतर तिचं लक्ष लागत नाही. एकदम पाटीवर घेऊ नकोस, कागदाची घडी घालून दाखव. ढब्बूलाही तिच्याबरोबर बसव, एकटा असला की तो घाबरतो." हे सगळं त्या भराभर, एका दमात बोलल्या, मध्येच निसटून जाईल अशी धास्ती असल्यासारखं. मग थांबल्या. "अजून काहीतरी होतं. आठवलं की सांगते."

"सांगा," सूनबाई म्हणाली.

"पुस्तक आईकडे दे," आत्या भिंगरीला म्हणाल्या.

"नाही. तूच शिकव."

"दे म्हटलं ना."

"मला दातांचा धडा आवडतो. मला तोच पाहिजे. तो राहिलाय आपला, खरंच राहिलाय!"

आत्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दारात सासरे येऊन उभे होते, त्यांच्यामागं नवरा आणि अक्का, पण आत कोणी आलं नाही. सूनबाईनं पुस्तक धरलं आणि ओढलं. भिंगरीनं ते दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट कवटाळलं होतं, ओठ आवळून, आईकडे न बघता. शेवटी सूनबाईला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.